आठ घरं आणि एक आडनाव

"दाखव! भाडेकरू दाखव मला! घर गेलं म्हणतोस ना, मग कुणाला गेलं ते दाखव! आत काय भूत राहतंय होय रे?"

सिस्टर ओरडत होत्या. मराठीत ओरडत होत्या. समोर सहा फुटी गोरा एजंट, ज्याच्या सात पिढ्यांत कुणी मराठी ऐकलं नव्हतं. सिस्टरांचा उजवा पाय दाराच्या फटीत होता. हॉस्पिटलचा पांढरा, जाड तळव्याचा बूट. तो बूट एकदा दारात शिरला की दार लावणं माणसाच्या हातात राहत नसे, त्यासाठी बुलडोझर मागवावा लागे. मी आणि माझी बायको मागे ड्राइव्हवेवर, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन उभे.

"सिस्टर, जाऊ द्या ना, दुसरं बघू," बायको पुटपुटली.

"दुसरं बघायला मी काय बांगड्या भरायला आलेय? गप उभी राहा पोरी. पाय आत हाय आपला."

घर आम्हाला मिळालं. एजंटाने किल्ली देताना मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बाई माझ्या आजीबद्दल काहीतरी म्हणाल्या ना? माझ्या आजीला त्या कशा ओळखतात?" सिस्टर खरंच म्हणाल्या होत्या, की तुझी आजी असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. राग चोख असला की दुभाषा लागत नाही.

पोरिरुआत, म्हणजे न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनशेजारच्या आमच्या गावात, सिस्टर ओरडल्या की समुद्रापलीकडे, दक्षिण बेटावर मेंढ्या चरायच्या थांबत. तुम्ही हसाल. हसा. आमच्याकडच्या वाऱ्यात माझी वाळत घातलेली बनियान उडाली ती सिडनीच्या बंदरावर सापडली हे जसं खरं आहे, तितकंच हेही खरं आहे.

त्या मिरजेच्या. मिरजेत नर्सिंग शिकल्या, मुंबईत नोकरी केली, मग इकडे. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. पुण्या-मुंबईहून आयटीवाले, इंजिनिअर, फार्मसिस्ट पोत्याने येत होते, आणि प्रत्येकाला येताच एकच प्रश्न पडे: राहायचं कुठे? फोनवर नाव सांगितलं की घर "आत्ताच गेलं" असायचं. सिस्टरांनी यावर जालीम औषध काढलं होतं. एजंटाने नाही म्हटलं की त्या वॉर्डातल्या एका गोऱ्या मैत्रिणीला त्याच नंबरवर फोन करायला लावायच्या. अर्ध्या तासापूर्वी गेलेलं घर मैत्रिणीचं नाव ऐकताच परत यायचं, वर एजंट हीटरही नवा बसवून देतो म्हणायचा. मग सिस्टर आणि त्यांचा बूट तिकडे निघायचे.

आमच्या मराठी मंडळातलं एक कुटुंब असं दाखवा, ज्याच्या पहिल्या घराच्या दारात तो बूट गेला नाही. मंडळाचे अध्यक्षसुद्धा. अध्यक्ष पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, बोलणं इतकं मऊ की त्यावर तूप घालून भात खावा. तेही आले तेव्हा महिनाभर मोटेलमध्ये पोहे खात होते. सिस्टरांनी घर मिळवून दिलं तेव्हा म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही आमच्या घरच्याच."

आता तुम्ही विचाराल, सिस्टर स्वतः कुठे राहायच्या?

लोसाकडे. लोसा सामोअन, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला, विधवा, तीन पोरं. सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्यासाठी बूट घालायला कुणीच नव्हतं. चार दिवस हॉस्पिटलच्या पाहुण्यांच्या खोलीत काढले. पाचव्या दिवशी लोसाने लाँड्रीच्या गाडीवर चादरींच्या ढिगात त्यांची बॅग टाकली आणि म्हणाली, "चल घरी." नाव नंतर विचारलं.

घर कसलं, डोंगराच्या सावलीतला लाकडी खोका. जूनमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, ऊन शिरायचं ते पाहुण्यासारखं, बसायचं नाही, दारातूनच जायचं. भिंतींवर काळी बुरशी. मी एकदा गेलो तर ती खिडकीपर्यंत होती, चहा होईपर्यंत छतापर्यंत पोचली. घरमालकाला कळवलं तर तो म्हणाला, खिडक्या उघड्या ठेवा. खिडक्या उघडल्या की वारा गाद्या उचलून नेई. पोरांची नाकं बारा महिने वाहायची. सिस्टरांच्या छातीत शिट्टी वाजायची. बोलता बोलता थांबायच्या, शिट्टी ऐकायच्या आणि म्हणायच्या, "थांब, माझी केटल उकळली."

"सिस्टर, तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलजवळ चांगलं घर बघा ना," मी एकदा म्हटलं.

"आणि हिला?" त्यांनी लोसाकडे बोट दाखवलं. "हिनं मला आत घेतलं तेव्हा, अरे इंजिनिअर, तुझ्यासारखे छत्तीस मराठी वेलिंग्टनच्या बसमध्ये बसत होते. एकानं विचारलं नाही बाई, झोपतेस कुठं. मी निघेन तर हिला घेऊन."

तेवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. स्वतःला आणि लोसाला, शेजारी शेजारी, कोरड्या भिंतीचं घर.

आणि ती मिळायची वेळ आली. एका धर्मादाय ट्रस्टकडे पोरिरुआत जागेचा एक तुकडा होता. तिथे आठ घरं बांधायची, कमी भाड्याची, कमी पगाराच्या लोकांसाठी, सगळ्या वंशांच्या लोकांसाठी. ट्रस्टला घरं चालवायला स्थानिक संस्था हवी होती. ज्या लोकांना घरं नाकारली जातात, त्यांनीच ती वाटावीत, अशी त्यांची कल्पना. कल्पना देवमाणसाची होती. सिस्टरांना हॉस्पिटलात कळलं, आणि तशाच युनिफॉर्ममध्ये त्या अध्यक्षांच्या घरी.

"मंडळ घ्या पुढं. दार उघडं हाय तोवर पाय आत घाला."

अध्यक्षांना आधी वाटलं, झंझट आहे. मग कळलं की उद्घाटनाला खासदार येणार आणि फोटो निघणार. मंडळ पुढे झालं.

भूमिपूजनाला मी होतो. अध्यक्षांनी नारळ फोडला, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी एका म्हाताऱ्याने मंत्र म्हटले, लोसाच्या चर्चने असं गाणं म्हटलं की ढग बाजूला झाले. खरंच झाले, मी कॅलेंडरवर टीप केली आहे, पोरिरुआत ते फार कमी वेळा होतं. फोटोग्राफरने लोसाला मध्ये उभं केलं, फुलाफुलांच्या झग्यात. तो फोटो ट्रस्टच्या पत्रकावर छापून आला. खाली लिहिलं होतं, सर्वांसाठी घरं. लोसाने ते पत्रक फ्रिजवर लावलं. सिस्टर त्या संध्याकाळी पडद्यांची कापडं बघून आल्या.

मग मंडळाची कमिटी बसली. कमिटी बसली की काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. अध्यक्ष म्हणाले, "अर्ज खूप आलेत. नुसते पगार बघून कसं कळणार? आपण मुलाखत घेऊ. आमचा काही भेद नाही हो, फक्त सगळ्यांचं एकमेकांशी जुळावं म्हणून."

मुलाखती शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये. मी तिथे चहा ओतायला होतो. चहा ओतणाऱ्याला मत नसतं, पण कान दोन असतात. टेबलामागे अध्यक्ष, त्यांच्या दोन्ही बाजूंना एक-एक मान डोलावणारे सभासद. मराठी उमेदवार यायचे आणि मी बघत बसायचो, कारण मुलाखत मला पाठ होती. तुम्हालाही पाठ आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी झाली, सदाशिव पेठेत खोली बघायला गेलात तेव्हा झाली. पूर्ण नाव काय? हां, मूळचे कुठले? अच्छा अच्छा, तिथले म्हणजे, कोणापैकी? मग एक "अरे वा", किंवा एक "असं होय". ‘अरे वा’ला घर, ‘असं होय’ला चहा.

लोसा आली. केसांत फूल, हातात पर्स, पर्समध्ये भूमिपूजनाचा फोटो. अध्यक्षांचं इंग्रजी सुंदर, पण प्रश्न तेच. सवयीने विचारले. फुल नेम? ओरिजिनली फ्रॉम? अँड युअर फॅमिली, दॅट इज, विच फॅमिली?

लोसाचा चेहरा उजळला.

ती ताठ बसली आणि सांगायला लागली. गाव कुठलं, बेटाच्या कुठल्या किनाऱ्याला, आजोबांना गावाने कुठली पदवी दिली होती, ती पदवी त्यांच्या घराण्यात कुणाकुणाकडून आली, आजीचं गाव कुठलं, गावसभेत तिच्या घराची माणसं कुठल्या खांबाला पाठ टेकून बसतात. दहा मिनिटं बोलली. मध्येच थांबून तिने एक श्लोकासारखं काही म्हटलं. डावीकडच्या सभासदाने घड्याळ पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग. अँड व्हॉट डू यू कुक?"

ती बाहेर आली ती रडतच. आनंदाने.

"सिस्टर!" तिने सिस्टरांना मिठीच मारली. "तुझी माणसं! इतकी वर्षं इथे आहे, कुणा गोऱ्या साहेबाने मला विचारलं नाही, तुझं घराणं कुठलं. पगार विचारतात, पोरं किती विचारतात. यांनी माझ्या आजोबांचं विचारलं! असा मान..."

तुम्हाला सांगतो, मी सिस्टरांना एजंटावर, सर्जनवर, एकदा तर पोलिसावर ओरडताना पाहिलंय. त्या दिवशी त्या नुसत्या लोसाच्या पाठीवर थोपटत राहिल्या, आणि तिच्या खांद्यावरून हॉलच्या दाराकडे बघत राहिल्या.

इथेच थांबलं असतं तर बरं. पण मान दिला तर परत करावा लागतो, ही लोसाची रीत. पुढच्या शनिवारी कमिटीची बैठक होती, तिथे ती हजर. जमिनीत दगड तापवून रात्रभर भाजलेलं डुक्कर, केळीच्या पानात बांधून. नारळाच्या दुधातला अळूचा कंद. हॉलमध्ये असा वास सुटला की भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरनेही सोंड हलवली असेल. परात तिने अध्यक्षांपुढे ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

"सो काइंड," अध्यक्ष म्हणाले. "अ‍ॅक्चुअली, आज आमचा उपास आहे."

मग काय! एका क्षणात एकादशी, चतुर्थी, शनिवार, श्रावण आणि नवरात्र एकाच दुपारी त्या हॉलमध्ये उतरले. त्या कमिटीतले निम्मे दर शुक्रवारी ऑफिसच्या बारमध्ये बेकन चघळताना मी पाहिलेत. सगळ्यांना उपास. जो तो पोटाला हात लावून दिलगीर.

लोसा घाबरली. "सगळ्यांना? कुणी आजारी आहे का?" आणि तिने तिथल्या तिथे डोकं झुकवून, आमच्यातल्या त्या आजारी माणसासाठी प्रार्थना केली.

तेव्हा सिस्टर पुढे आल्या. खुर्ची ओढली, कमिटीच्या टेबलाशी बसल्या, पान उलगडलं आणि जेवायला लागल्या. सावकाश. हाताने. हाड चोखून बाजूला ठेवत.

"सिस्टर," अध्यक्ष हसत म्हणाले, "तुम्ही हे खाता?"

"खाते की. माझी आई याहून झणझणीत करायची."

"तुमच्याकडे चालतं?"

"आमच्याकडं चालतं."

"नाही, म्हणजे..." अध्यक्षांचा आवाज आणखी मऊ झाला, "बघा ना, इतकी वर्षं झाली, सगळे तुम्हाला सिस्टर म्हणतो, तुमचं आडनाव कधी विचारायचंच राहिलं."

हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर त्यांचं फक्त पहिलं नाव असे. पत्रं लोसाच्या पत्त्यावर येत. घराचा अर्जही दोघींचा मिळून लोसाच्याच नावाने होता. मुंबईत असताना भाड्याच्या तीन खोल्या त्यांच्या आडनावाने खाल्ल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. इथे आल्यावर त्यांनी ते बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं होतं.

सिस्टरांनी बोटं पुसली. उभ्या राहिल्या. आणि ओरडल्या नाहीत. वॉर्डात पेशंटचा चार्ट वाचतात तशा आवाजात त्यांनी आडनाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, आजाचं सांगितलं. गाव सांगितलं, आणि गावात घर कुठे, तर ओढ्यापलीकडे, तेही सांगितलं.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही या ओळीवरच थांबाल, मनातल्या मनात एक खण उघडाल, सिस्टरांना त्यात ठेवाल आणि मग पुढचं वाचाल. नाही म्हणू नका. आपण सगळे एकाच शाळेतले.

पाणी प्यायलेला माणूस घोट तोंडातच धरून बसला होता. आणि मागून टाळ्यांचा आवाज आला. लोसा! तिला शब्द एक कळला नव्हता, पण बाई उभी राहून बापाचं, आजाचं, गावाचं नाव घेतेय एवढं तिला दिसलं होतं, आणि तिच्याकडे अशा वेळी टाळ्या वाजवतात.

"मालो!" ती म्हणाली. शाब्बास. एकटी वाजवत राहिली.

"असं होय," अध्यक्ष म्हणाले.

घरं वाटली गेली. एक अध्यक्षांच्या भाच्याला. तो नुकताच उतरला होता, नोकरी लागायची होती, म्हणजे पगार शून्य, म्हणजे कागदावर पोरिरुआतला सगळ्यात गरीब माणूस. बाकीची अशाच गरिबांना. एक घर शेजारच्या मोठ्या देवळातल्या पुजाऱ्याला, म्हणजे वस्तीला पावित्र्य. भाच्याने वर्षभरात नोकरी धरली, दुसऱ्या वर्षी स्वतःचं घर घेतलं, आणि ट्रस्टच्या घरात पोटभाडेकरू ठेवला. पोटभाडेकरूचं आडनाव भाच्याचंच होतं.

सिस्टर ट्रस्टच्या ऑफिसात गेल्या. मी गाडी चालवली. तिथली मुलगी फार गोड. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून बसवलं, पाणी दिलं. सिस्टरांनी सगळं सांगितलं, इंग्रजीत, एक-एक पायरी. मुलीने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "पण तुम्ही सगळे इंडियनच आहात ना? आणि मंडळाची निवडीची पद्धत तुमच्या संस्कृतीतली आहे. आम्ही बाहेरून ढवळाढवळ केली तर ते बरोबर होणार नाही." लोसाबद्दल म्हणाली, पुढच्या टप्प्यात नक्की. पुढचा टप्पा अजून यायचा आहे.

परत येताना सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. केटल उकळत होती. मी विचारलं, "लोसाला काय सांगणार?"

"काय सांगू? तुझ्या आजोबांवरून तुला काढलं, असं सांगू? ती अजून चर्चमध्ये सांगत फिरतेय, इंडियन लोकांनी घराणं विचारलं म्हणून."

सांगितलं नाहीच. लोसाला वाटलं, अर्ज फार होते, देवाने आपल्याहून गरजूंना दिलं. दिवाळीला ती मंडळाला केक पाठवायची.

त्यानंतर नवी माणसं यायची, घर शोधायची, आणि मंडळात कुणी सिस्टरांचा नंबर देईनासं झालं. कुणी वाईट बोललं नाही. आमच्याकडे वाईट बोलत नाहीत. करंज्यांच्या कामाला बोलावणं येईनासं झालं, हळदीकुंकवाला "तुमची ड्यूटी असेल" म्हणून राहिलं. मी आणि बायको सिस्टरांकडे जायचो. पण आम्ही दोघं म्हणजे काय, चहा ओतणारे.

पुढच्या हिवाळ्याआधी दोन तासांवरच्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात जागा निघाली. सिस्टरांनी स्वतःसाठी नोकरी धरली आणि लोसासाठी लाँड्रीत. उधारीच्या ट्रकमध्ये दोघींचं सामान चढवलं. तिकडे म्हणे सपाट आहे, ऊन आहे. घर मात्र मिळालं ते पुन्हा तसलंच, नदीकाठचं, ओलं. दारात बूट घालून भांडायची सिस्टरांची छाती आता राहिली नव्हती. एजंट म्हणाला हेच आहे, त्यांनी सही केली.

दोन हिवाळे काढले. दुसऱ्यात केटल उकळली ती उतरवता आली नाही.

लोसाचा फोन सकाळी आला. मी ऑफिसला निघालो होतो. तिने सांगितलं, की अख्खं चर्च गातंय, पोरं सिस्टरांच्या पायाशी बसलीत, आणि सिस्टरांच्या अंगावर तिने आजीची चटई घातलीय, घराण्यातल्या माणसाला घालतात ती. मग म्हणाली, "मी थांबलेय. तिची माणसं कधी येणार?"

मी अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, सिस्टर गेल्या. दोन-तीन गाड्या काढू, मंडळातले जितके येतील तितके जाऊ, आणि परत आल्यावर हॉलमध्ये शोकसभा ठेवू, प्रत्येकाने दोन शब्द बोलावेत.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्यांनी आवाज बारीक केला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण त्यांच्यात करतात का असं काही?"